थंडीत चालणारं कुलूप

“मग पितळेचं घेऊ की पोलादाचं?”

अच्युतराव खांबेटे तिसऱ्यांदा विचारत होते. समोर हैबतीबाबा शेगडीवर हात शेकत बसले होते. प्रश्न त्यांच्या कानापर्यंत पोचला असेल, असं काही त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

बाबा मूळचे कागलकडचे. लष्करात ट्रक चालवायचे. नोकरी संपली तेव्हा बाकीचे आपापल्या गावी परतले, हे हिमालयातच राहिले. देवदारांच्या बनात लाकडाची एक खोली, एक कांबळं, एक किटली. आसपासचे लोक त्यांना साधू म्हणत. ते स्वतः काहीच म्हणत नसत.

अच्युतरावांनी पुण्याच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं कुलपं बनवली होती. कुलपातलं त्यांना कळत नाही असं काही नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. तरी आज ते भर बर्फात एवढा चढ चढून एका ट्रक ड्रायव्हरला सल्ला विचारत होते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते उगीच नाही.

“दाव बगू,” बाबा अखेर म्हणाले.

अच्युतरावांनी पिशवीतून तीन कुलपं काढून ओळीनं मांडली.

“हे पितळेचं. गंजायचं नाही. पण भोकात बर्फ वितळून पुन्हा गोठला, की किल्ली फिरत नाही. हे पोलादाचं. याच्या भोकावर झाकण आहे. आत तेल घातलेलं नाही, थंडीत तेल घट्ट होतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड घातलीय.”

“आन् ह्ये?”

“हे दारातच बसवायचं. बाहेरून किल्ली लागते, आतूनही लागते.”

“आतनं?” बाबा हसले. “तुमच्याकडं चोर आत ऱ्हातो व्हय रं?”

अच्युतराव हसले नाहीत.

बाहेर बर्फ पडत होता. पडताना त्याचा आवाज होत नाही, आणि म्हणूनच की काय, सगळं रान कान देऊन बसल्यासारखं वाटत होतं.

“इंदूसाठी आहे, बाबा.”

बाबांनी शेगडीवरचे हात मागे घेतले.

इंदूताई म्हणजे अच्युतरावांची बायको. ऐन तरुणपणी एकदा सहलीला येऊन तिनं इथला बर्फ पाहिला होता, आणि पुढची चाळीस वर्षं ती त्याच्याबद्दल बोलत राहिली. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी खालच्या वस्तीत घर बांधलं, तिच्यासाठी. घर पुरं झालं आणि तिची आठवण उसवायला लागली. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले. परवा तिनं अच्युतरावांनाच विचारलं, “तुम्ही कुणाकडे आलात?”

हेही त्यांनी सोसलं असतं. पण ती घरातून निघून जायला लागली. दुपारी जरा डोळा लागावा आणि उठून बघावं, तर दार सताड उघडं. महिन्यात चार वेळा झालं. चौथ्या वेळी लाकडं आणायला गेलेल्या बायकांना ती ओढ्यापाशी सापडली. बोटं निळी पडली होती. आणखी तासभर गेला असता, तर...

“आज कुठं हाय ती?”

“शेजारच्या बिमलाकडे बसवून आलोय. अक्रोड सोलतायत दोघी.”

बाबांनी पोलादाचं कुलूप उचललं, हातात तोलून पाहिलं.

“लावून बगू. तू बस आत. मी भाइर जातो. थंडीत चालतंय का न्हाई ते भाइरनंच कळनार.”

अच्युतराव काही बोलायच्या आत बाबा किल्ली घेऊन बाहेर पडलेसुद्धा. दार लोटलं गेलं. कोयंड्यात कडी बसली. मग खट् असा आवाज आला, भरीव, स्वच्छ. अच्युतरावांनी समाधानानं मान हलवली. त्यांचं कुलूप होतं ते!

मग पावलं वाजली... आणि दूर गेली.

शेगडीत निखारा होता. किटलीत चहा होता. फळ्यांच्या फटीतून पांढरा उजेड आत येत होता आणि भिंतीवर हलत होता. अच्युतरावांना वाटलं, आपण एखाद्या शिंपल्यात बसलोय. छान वाटलं. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे मिटत आले.

आणि एकदम त्यांना आठवलं, की आपल्याला जायचंय.

कुठे ते आठवेना. पण जायचंय, आत्ताच, फार महत्त्वाचं आहे. कुणीतरी वाट बघतंय. ते उठले, दार ढकललं. दार हललं नाही. पुन्हा ढकललं.

“बाबा!”

“काय रं?” आवाज अगदी दाराला लागून आला. म्हातारा परत येऊन दाराशीच उभा होता.

“उघडा. मला जायचंय.”

“कुठं?”

अच्युतरावांनी पुन्हा दार ढकललं.

“आत बरं हाय की,” बाबा बाहेरून म्हणाले. “ऊब हाय. च्या हाय. भाइर बर्फ पडतोय. बस गप.”

दारावरचा अच्युतरावांचा हात तिथंच थांबला. हे बोलणं त्यांच्या ओळखीचं होतं. आज सकाळीच दाराला पाठ लावून, दोन्ही हात आडवे धरून ते हेच म्हणाले होते. आत ऊब आहे, चहा आहे, बाहेर बर्फ पडतोय, बस गप्प. समोर इंदू उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कुठे जायचंय ते तिला सांगता येत नव्हतं. त्यांना तिचा राग आला होता. आता त्या रागाची त्यांना इतकी लाज वाटली की ते दाराशीच खाली बसले.

“उघडा, बाबा,” ते हळू म्हणाले.

बाहेर किल्ली खुडबुडली. थांबली. पुन्हा खुडबुडली.

“अच्युता... फिरंना रं.”

“फिरेल. झाकण नीट लागलं नसेल, बर्फ गेला असेल आत. जोर लावू नका, किल्ली मोडेल.”

“फुंकर मारू का?”

“अहो नको, वाफ आत जाऊन गोठते! किल्ली मुठीत धरा. ऊब येऊ द्या तिला. मग हलकेच.”

“धरली.”

बत्तीस वर्षांत अच्युतरावांनी हजारो कुलपं तपासली होती, पण दुसऱ्याच्या मुठीत ऊब येईपर्यंत आत थांबायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी फळीला कान लावला. पलीकडे म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता. बर्फ ऐकू येत नव्हता, पण तो पडतोय हे कळत होतं.

खट्.

दार उघडलं. डोळे दिपतील इतका उजेड आत आला. बाबांच्या मिशा पांढऱ्या होत्याच, आता भुवयांवरही बर्फ होता. ते आत येऊन शेगडीपाशी बसले. कुलूप त्यांनी अच्युतरावांच्या मांडीवर ठेवलं.

“चांगलं हाय,” ते म्हणाले. “आतनं कसं वाटलं?”

अच्युतरावांनी कुलूप हातात उलटसुलट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, “आतून कुलूप दिसतच नाही, बाबा. नुसतं दार दिसतं.”

बाबांनी चहा ओतला. एक पेला त्यांच्यापुढे सरकवला.

“पण तिला जाऊ कशी देऊ?” अच्युतराव एकदम म्हणाले. “मरेल हो ती बर्फात! बेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. मला ओळखत नाही, नको ओळखू दे. पण असायला हवी ती मला. घरात, समोर... असायला हवी.”

ते रडले. कारखान्यात ज्यांच्या नुसत्या चाहुलीनं माणसं सरळ उभी राहायची, ते खांबेटेसाहेब एका फळकुटाच्या खोलीत गुडघ्यात डोकं घालून रडले. बाबांनी त्यांना रडू दिलं. समजूत घातली नाही. मधे एकदा फक्त निखारा सारखा केला.

चहावर साय धरली.

“कुठं जाती रं ती?” बाबांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“बोलली न्हाई कदी?”

“तिलाच सांगता येत नाही. नुसती चालत सुटते. आम्ही धरून आणतो.”

“हं...”

बाहेर एका फांदीवरचा बर्फ सुटला आणि धप्पकन खाली पडला. फांदी हलत राहिली. दोघंही उघड्या दारातून तिच्याकडे बघत होते. हलत हलत ती थांबली.

अच्युतरावांनी तिन्ही कुलपं एकेक करून पिशवीत भरली. उठले. उंबऱ्याशी जाऊन वळले.

“हे नको, तर मग करू काय मी?”

बाबांनी कांबळं खांद्यावर ओढून घेतलं.

“बूट ठेव दाराशी. लोकरीचं मोजं आत घालून. तिचा जोड... आन् त्याच्या बाजूला तुजा.”