पंचकोनाची प्रदक्षिणा

आकृत्यांना वाचा होती त्या काळी आलेखपत्रावर एक पंचकोन नांदत असे. आपले क्षेत्रफळ किती, हे जाणण्याची त्याला फार उत्कंठा होती. झिजून आखूड झालेल्या, परमभाविक पेन्सिलआजी त्याच्या शिरोबिंदूंवरून क्रमाने फिरल्या. त्यांनी निर्देशकांचे तिरकस गुणाकार केले, वजाबाक्या केल्या, बेरजेचे अर्धे केले. उत्तर आले उणे बारा.

पंचकोन खचला. "म्हणजे मी शून्याहूनही उणा? रबरकाका, मला पुसूनच टाका."

खोडरबर सावकाश पुढे सरकला. "आजी, फेरी कोणत्या बाजूने घातलीत?"

"हे काय विचारणे? घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. प्रदक्षिणा कोणी उलटी घालते का?"

"देवळात नाही घालत. गणितात मात्र उलटी फेरीच धन मानतात. फेरी कशीही घातली तरी याने व्यापलेली जागा बाराच आहे."

"आणि माझे पुण्य?"

"ते तुमचेच. क्षेत्रफळात धरत नाहीत."

मग त्याने बाराच्या डावीकडची आडवी रेघ तेवढी पुसली. "बाळा, पुसण्याजोगे इतकेच होते."

आजी अद्याप सुलटच फिरतात. रबरकाका मागोमाग जातात.