टाचेवरून न चढणारा मोजा

तुळीच्या टाचांच्या काळजीने मैनाला रात्रभर झोप लागली नव्हती. तुळी तिची चार वर्षांची धाकटी बहीण. थंडीने तिच्या इवल्याशा टाचा उलल्या होत्या. लोकरीचे मोजे घातले की पायांवर लालेलाल पुरळ उठायचं, आणि नुसत्या सुती मोज्यांत ऊब ती कसली! आई उजाडायच्या आत मळ्यात कामाला जायची. नऊ वर्षांच्या मैनाला विणता यायचं, पण विणायचं कशाचं?

सकाळी ती परसातल्या देवकापसाच्या झाडापाशी गेली. एका पांढऱ्याशुभ्र बोंडात, दवाने चिंब झालेली, करंगळीएवढी परी कुडकुडत होती. गुलाबी पंख, त्यांवर मोरपिशी ठिपके. मैनाने तिला ओंजळीत घेऊन तोंडाची ऊब दिली.

"अगंबाई, किती बरं वाटलं!" परीने पंख झटकले, आणि मैनाच्या मांडीवर चांदणरंगी धाग्याचा गुंडा टपकला. "अर्धा कापूस, अर्धी लोकर. टोचणार नाही, गारही पडणार नाही. मोज्यात जितके पीळ घालशील, तितक्या इच्छा पुऱ्या होतील. मात्र वीण उसवलीस, तर इच्छाही उसवतील. आणि धागा दिवस मावळेपर्यंतच टिकेल हं."

नियम नीट ऐकायला हवे होते. पण इच्छा म्हटल्यावर पुढचं ऐकतं कोण?

मैना विणू लागली. तीन टाके छोट्या सुईवर बाजूला ठेवायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग थांबलेले. पडला पीळ! तिने जिलेबी मागितली, ती लगेच हातात आली. दुसऱ्या पिळाला किरमिजी परकर. तिसऱ्याला झोपाळा. मग एक पीळ इथे, एक तिथे. तुळी पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"ताई, झाला?"

"थांब गं, मध्ये मध्ये करू नकोस."

ऊन कलल्यावर मैनाने मोजा तुळीच्या पायात घातला. तो घोट्यापर्यंतही गेला नाही. टाचेवर अडकून बसला. प्रत्येक पीळ वीण आत ओढतो, आणि सूत मिसळलेला धागा नुसत्या लोकरीसारखा ताणला जात नाही. हे तिला ठाऊक होतं. आईनेच शिकवलं होतं.

"दुखतंय," तुळी पुटपुटली.

मैनाने मोजा काढला, डोळे पुसले आणि धाग्याचं टोक ओढून वीण उसवली. सर्रकन झोपाळा गेला. परकर विरला. जिलेबीचा गोडवासुद्धा जिभेवरून उतरला. तिने पुन्हा टाके घातले, साधे सरळ. सगळ्यात वर एकच पीळ घातला, आणि त्याला म्हणाली, "तुळीच्या टाचा बऱ्या होऊ देत." तिला वाटलं, हे सकाळीच म्हणता आलं असतं.

मोजा अल्लद चढला. सूर्य टेकला होता. दुसऱ्या मोज्याला वेळच उरला नव्हता.

तेवढ्यात परी गुंड्यावर येऊन बसली. "हा धागा आता विरणार नाही, बाळा," ती म्हणाली. केशरी, सोनेरी, रुपेरी लखलखाट झाला, आणि परी त्यात विरघळून गेली.

मैना तुळीच्या पायाशी बसली. "चुकलंच माझं. उगाच दिवसभर थंडीत बसवलं तुला."

तुळीने उघडा पाय पुढे केला.

"ताई, ह्याला सांग ना, उद्या तुझा नंबर म्हणून. मघापासून रुसलाय तो."