मिटल्या डोळ्यांची पकड

“…आणि फायनलच्या आदल्या दिवशी मास्तरांनीच म्हणे त्या काशिनाथला घरी बोलावून—”

गिरणीचा पट्टा फिरला आणि पुढचं सगळं पिठात गेलं.

पट्टा थांबेपर्यंत बोलणारीने मला पाहिलं होतं. मी हिराजी मास्तरांची शेजारीण. ती लगेच गिरणीवाल्याकडे वळली. “तांदूळ बारीक दळा हो.”

अर्धं ऐकलेलं मला पचत नाही. घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

हिराजी मास्तर तीस वर्षं आमच्या गावच्या संघाला कबड्डी शिकवतात. काशिनाथ खाडीपलीकडच्या संघाला शिकवतो. फायनलला त्यांनी आम्हाला एका गुणाने हरवलं होतं, आणि आठ दिवस झाले तरी तो एक गुण गावाच्या घशाखाली उतरत नव्हता.

सलूनबाहेर बाकड्यावर रोज तेच चाललेलं.

“ऐन वेळी डावा कोपरा बदलायची काय गरज होती?”

“कोपऱ्याचं सोड. जयेंद्रचं बोल. साखळीत एकट्याने चाळीस गुण. आणि फायनलला? तीन चढाया, तिन्ही वेळा धरला.”

“तो धरला गेला नाही. धरून दिला.”

हे कोण बोललं ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी मास्तरांच्या घराकडे पाहिलं.

मीही पाहिलं. कारण फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी काशिनाथला त्या दारात चपला काढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कोणाला बोलले नव्हते. म्हणजे एकट्या नणंदेला बोलले होते.

शुक्रवारी चारच्या सुमाराला जयेंद्र मास्तरांकडे आला. फटफटी लावली तीच आपटून.

संध्याकाळी मंडळाची बैठक होती. मास्तरांना ठेवायचं की नाही, एवढाच विषय. आणि जयेंद्र कप्तान, तो बोलेल तसं होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी कुंपणापाशी बोंबील उलटायला गेले. ते सकाळीच वाळले होते, पण असो.

मास्तर अंगणात बसून वाल सोलत होते.

“ये कप्तान. चहा टाकू?”

“चहाला नाही आलो. काशिनाथ आला होता का इथे?”

“आला होता.”

“तुम्ही बोलावलंत?”

“नाही. पाया पडायला आला. माझ्याच हाताखाली शिकलाय तो. फायनल असली की येतो.”

“नुसता पाया पडला?”

मास्तरांनी एक वाल सोलला. साल एका वाटीत, डाळिंबी दुसरीत.

“बसला थोडा वेळ.”

“माझ्याबद्दल काही विचारलं?”

“विचारलं. ‘जयेंद्र लाथ कधी टाकतो तेच कळत नाही,’ म्हणाला.”

“आणि तुम्ही सांगितलंत?”

“सांगितलं.”

…

माझ्या हातातला बोंबील हातातच राहिला. मी मनात म्हटलं, झालं. गिरणीवरची खोटं नव्हती बोलत.

जयेंद्रचं तोंड लाल झालं. पोटच्या पोरासारखा वाढवलेला मुलगा, पण त्या वेळी मास्तरांकडे तो असा बघत होता की जणू रस्त्यावरचा कोणी भुरटा धरलाय.

“बास. हेच सांगतो आज बैठकीत. हेच्या हेच. काकी, तुम्ही ऐकलंत ना?”

“मी बोंबील उलटतेय रे बाबा.”

“मघापासून तोच एक?”

मी दुसरा बोंबील उचलला.

मास्तर म्हणाले, “सांगितलं का, ते विचारलंस. काय सांगितलं, ते नाही विचारलंस.”

“काय सांगितलंत?”

“चढाई कर. दाखवतो.”

जयेंद्र हसला. ते हसणं काही बरं नव्हतं. मास्तरांचा उजवा गुडघा दोन वर्षं झाली वाकत नाही, शौचाला जायचं तरी भिंत धरतात.

“बसलेल्या माणसावर चढाई करू?”

“भीती वाटते?”

मास्तरांनी वाट्या बाजूला सरकवल्या. खांद्यावरचा पंचा काढला, चौपदरी घडी घातली आणि डोळ्यांवर बांधून मागे घट्ट गाठ मारली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

जयेंद्रने चपला काढल्या. टाचेने अंगणात एक रेघ ओढली. रेघेला हात लावून नमस्कार केला. रागात होता, पण तेवढं विसरला नाही.

“कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी…”

सारवलेलं अंगण. अनवाणी पाय. पावलाचा आवाज म्हणून नाही. डावीकडून गेला, उजवीकडून आला. मास्तरांच्या नाकासमोर हात फिरवून मागे सरला. एकदा तर त्यांच्या पाठीमागेच जाऊन उभा राहिला.

मास्तर हलले नाहीत. मला वाटलं, झोपले की काय.

“कबड्डी कबड्डी कबड्डी कब…”

मास्तरांचा हात सुटला आणि मिटला.

जयेंद्रची लाथ हवेतच राहिली. घोटा मास्तरांच्या मुठीत. तो धाडकन पालथा पडला, ‘कबड्डी’ तिथेच तुटली, हात रेघेच्या वीतभर अलीकडे.

…

“पंचा पातळ आहे,” तो धुळीतूनच म्हणाला. “काकी, बघा जरा.”

मी याचीच वाट बघत होते. कुंपणातल्या फटीतून आत गेले, मास्तरांच्या डोळ्यांवरचा पंचा सोडला, होता तसाच माझ्या डोळ्यांवर धरला. वर सूर्य होता, तोसुद्धा दिसेना.

“काही दिसत नाही रे, जयेंद्र.”

“नीट बघा.”

“तूच बांधून बघ.”

मास्तरांनी घोटा सोडला नव्हता.

“मग कळलं कसं?” जयेंद्रने विचारलं. आवाज खाली आला होता.

“लाथ टाकायच्या आधी तुझा एक शब्द अर्धा राहतो. छातीत हवा भरतोस ना, तेवढ्यात तुटतो. काशिनाथला म्हटलं, पोरांना सांग, त्याच्या पायांकडे बघू नका, तोंडाकडे कान ठेवा.”

“हे मला सांगायचं होतंत!”

“दोन वर्षं काय सांगतोय? दम एकसारखा ठेव, दम एकसारखा ठेव.”

“ते तर तुम्ही सगळ्यांनाच सांगता.”

“सगळ्यांनाच सांगतो. काशिनाथने ‘का’ म्हणून विचारलं.”

जयेंद्रने तोंडातली धूळ थुंकली. मी मनात हिशेब मांडला. काशिनाथ आला होता, ते खरं. मास्तरांनी सांगितलं, तेही खरं. बोलावलं होतं, ते खोटं. आणि जे सांगितलं ती फितुरी होती की शिकवणी, ते मला अजून धड ठरवता येत नाही. गिरणीवरच्या बाईला आता मी काय सांगणार होते?

“तरी फायनलच्या आदल्या दिवशी सांगायला नको होतं, मास्तर,” जयेंद्र म्हणाला.

“असेल, नको होतं सांगायला.”

“मी बैठकीत काय बोलू?”

“झालं ते बोल.”

“ते तुम्हाला काढतील.”

“काढू देत.”

जयेंद्रने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“आता पाय तरी सोडा.”

मास्तरांनी मूठ आणखी आवळली.

“मी धरला तो पाय, जयेंद्र. तोंड का थांबलं?”