येसाईची बाज

भाविकहो, त्या साली हरबाजी महाराज खैरवाडीच्या धर्मशाळेत उतरले होते. गावात येसाई नावाची विधवा राहायची. अंबाडीच्या दोरीनं लोकांच्या बाजा विणायच्या आणि पोट भरायचं. नवरा गेला, दोन लेकरं देवीच्या साथीत गेली, उरली एकटी सगुणा.

येसाईची पूजा काय ती एवढीच. दिवेलागणीनंतर उत्तरेला सात चांदण्या दिसल्या की हात जोडायचे. चार चांदण्या म्हणजे म्हातारीची बाज, मागच्या तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. म्हातारी जागी आहे तोवर चोरांचं काही चालत नाही, असं तिला आईनं सांगितलेलं. "बाजेवरच्या आई, माझ्या लेकरापाशी जागी राहा," असं ती म्हणायची.

गावचे गदाधरशास्त्री हे ऐकून चारचौघांत हसले. "अगं, ते सप्तर्षी. साक्षात वसिष्ठांना तू चोर म्हणतेस? तुझ्या हाकेला ओ देणार कोण?"

पुढं चैत्रात सगुणा तापानं आडवी झाली. एकविसाव्या दिवशी वैद्यानं हात टेकले. शास्त्रीबुवा अंगणातूनच म्हणाले, "ऋषींची निंदा भोवली. आता निदान पोरीला बाजेवर मरू देऊ नकोस. खाली घे."

बाजेवर प्राण गेला तर गती नाही, ही सगळ्यांचीच समजूत. शेजारणींनी जमीन सारवली, घोंगडं अंथरलं. येसाईनं आपल्या हातानं लेक खाली घेतली. मग ती अंगणात आली. वर चांदण्या होत्या, पण हात जोडवेनात. आपलीच जीभ पोरीच्या मुळावर आली, जन्मभर आपण भलत्याच दारी रडलो, असं तिला वाटलं. डोळ्यांत टिपूसही उरलं नव्हतं.

तेवढ्यात महाराज आले. बोलावलं कुणीच नव्हतं. म्हणाले, "येसाबाई, आज हाक आली नाही?"

"कोणत्या तोंडानं मारू, महाराज? मला त्यांचं नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं."

"बोबड्या लेकरानं हाक मारली तर आई काय नाव सुधारून घेते, मग येते? चल, पोरीला बाजेवर घे."

बायका मागं सरकल्या. एकदा खाली घेतलेलं माणूस पुन्हा वर घ्यायचं नसतं. कुणी हात लावेना, तेव्हा महाराजांनीच सगुणेला उचललं, बाजेवर ठेवलं आणि ते उशाशी बसले. "आता रोजचं म्हण."

येसाईचा विश्वास केव्हाच उडाला होता. तरी महाराजांचा शब्द मोडवेना, म्हणून कोरड्या तोंडानं ती म्हणत राहिली.

पहाटे शास्त्रीबुवा पुढची सोय बघायला आले आणि अंगणातच थबकले. दारात तीन जटाधारी वृद्ध उभे, आत चौघं बाजेचा एकेक पाय धरून बसलेले. शास्त्रीबुवांची बोबडी वळली. "आपण कोण?"

दारातला एकजण हळूच म्हणाला, "या घरचे चोर. येसाई आम्हाला हेच म्हणते. आवाज करू नका, पोरीला आत्ता झोप लागलीय."

उजाडलं तेव्हा दारात कुणी नव्हतं. महाराज उशाशी तसेच बसलेले. सगुणेच्या कपाळाला घाम फुटला होता, आणि ती आईकडं पेज मागत होती.

शास्त्रीबुवा आत आले. त्यांनी बाजेच्या पायावर डोकं ठेवलं, मग येसाईच्या. म्हणाले, "आई, संध्याकाळी मीही येतो. काय म्हणायचं ते मला शिकव."