करवंदीच्या खिंडीतला राऊत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा लुटारूंच्या भीतीनं करवंदीच्या खिंडीतून एकटं माणूस जात नसे. जाणारे दहा-वीसजण जमायचे, देवाचं नाव घ्यायचे आणि मगच पाऊल टाकायचे. खिंडीच्या वर हरणटोक नावाचा किल्ला होता आणि पायथ्याला शिरसवाडी, म्हणजे हेच आपलं गाव. किल्ल्यावर सिंगराय राजा राज्य करायचा. त्याच्या पदरी बारा राऊत होते. राऊत म्हणजे घोड्यावरून लढणारा वीर. त्या बारांमधला धारोजी राऊत शिरसवाडीचा.

राजाचं लग्न झालं आणि नवी राणी नागलदेवी खिंडीतून सासरी येऊ लागली, तेव्हा ओढ्याला अचानक लोंढा आला. भोई पालखीसकट मधोमध अडकले. धारोजीनं घोडा पाण्यात घातला आणि लोंढ्याला आडवा उभा केला. घोड्याच्या आडोशानं भोई पालखी काठावर घेऊन गेले. राणीनं पडदा बाजूला करून एकदा त्याच्याकडे पाहिलं. असं म्हणतात, त्या दिवशी धारोजीचं मन पालखीबरोबर गडावर गेलं, ते परत खाली आलंच नाही.

तो हे कुणाला बोलला नाही. पण राणी देवळात निघाली की वाटेवरचे काटे आधीच वेचलेले असायचे. राणीला ते कळत होतं. तीही कधी काही बोलली नाही. दोघांनी आपापली पायरी सांभाळली आणि वर्षं जात राहिली.

मग किनाऱ्याचा राजा भोगदेव याच्याशी लढाई झाली. सिंगराय हरला आणि कैद झाला. भोगदेवाचा निरोप आला: तुमचा राजा हवा असेल तर त्याच्या तोलाचा एक वीर माझ्याकडे पाठवा. तो सात वर्षं माझ्या मिठागरात राबेल, मग मी त्यालाही सोडीन. राणीनं निरोप भर दरबारात वाचून दाखवला. अकरा राऊतांनी माना खाली घातल्या. धारोजी उठून उभा राहिला.

निघण्याआधी राणीनं त्याला बोलावून घेतलं. दासी दाराशी उभ्या होत्या.

राणी म्हणाली, "राऊत, तुम्ही कशासाठी जाताय ते मला ठाऊक आहे. म्हणून मला तुम्हाला जा म्हणता येत नाही."

धारोजी म्हणाला, "देवी, जा म्हणू नका. फक्त थांब म्हणू नका."

राणीनं दासींना वाट सोडायची खूण केली. तो मुजरा करून निघाला.

भोगदेवाच्या दारात दोघांची भेट झाली. राजा बाहेर येत होता आणि राऊत आत जात होता. राजाला त्याच्याकडे बघवेना. राणीला काय सांगू, असं त्यानं विचारलं. धारोजी म्हणाला, काही सांगू नका, माझा घोडा घेऊन जा, त्याला वाट माहीत आहे.

राजा गडावर आला, तसे त्याचे कान भरणारेही आले. राजानं एक दिवस राणीला सरळच विचारलं. राणी म्हणाली, "त्यानं माझ्यावर जीव लावला आणि मी त्याचा मान ठेवला. त्यात तुमचं काय गेलं? तुम्ही तर घरी आलात." दुसऱ्या दिवसापासून राजा धारोजीच्या घोड्याला स्वतःच्या हातानं चारा घालू लागला.

तिकडे धारोजी मिठागरात राबत होता. असं म्हणतात, तो ज्या बांधावर उभा राही, तो बांध उधाणाच्या भरतीलाही फुटत नसे. म्हणूनच भोगदेवाला तो सोडवेना. सात वर्षं झाली, आठवं लागलं, तरी धारोजी आला नाही.

सैन्य नेलं असतं तर भोगदेवानं त्याला आधीच मारून टाकलं असतं. म्हणून राणी एकटीच निघाली, त्याच्याच घोड्यावर. घोडा आता म्हातारा झाला होता. राजानं स्वतः लगाम धरून तिला गडाच्या दरवाज्यापर्यंत पोचवलं.

भोगदेवानं तिचं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, तुझा माणूस ओळखून दाखव आणि घेऊन जा. त्यानं शंभर कैदी आणवले. सगळे मिठानं पांढरे झालेले, डोक्यापासून पायापर्यंत गोणपाटात गुंडाळलेले, ओळीनं जमिनीवर बसवलेले. जो हलेल त्याच्यावर भाला फेकायचा, असा हुकूम होता. राणी त्या ओळीपुढून एकदा चालत गेली. तिला ओळखू आलं नाही. तिनं काही क्षण डोळे मिटले. मग ती साध्या आवाजात म्हणाली,

"मी एकटी आले आहे. मला खिंडीतून परत जायचं आहे."

ओळीतला एक माणूस उठून उभा राहिला.

भालाईतांचे हात वर गेले आणि वरच राहिले. कुणी म्हणतात भाले हवेत गोठले, कुणी म्हणतात फेकायचं कुणाच्या मनातच आलं नाही. भोगदेव सिंहासनावरून उतरला आणि त्यानं आपल्या हातानं बेड्या काढल्या.

परतीला राणी घोड्यावर होती आणि धारोजी सात पावलं पुढे चालत होता. तीन दिवसांची वाट. ती दोघं एक शब्दही बोलली नाहीत असं काही सांगतात, आणि म्हाताऱ्या बाया सांगतात की ती दोघं सगळी वाट बोलत होती, म्हणून तर खिंडीतले पक्षी अजून इतके बडबडे आहेत. लुटारू झाडीतून बाहेर आले, त्यांनी पाहिलं आणि वाट सोडली.

राजा खिंडीच्या तोंडापर्यंत सामोरा आला. त्यानं धारोजीला मिठी मारली आणि सेनापतीपद देऊ केलं. धारोजी म्हणाला, मला इथंच राहू द्या, एकटी बाई वाटेला लागली तर तिला सोबत कोण करणार?

आणि तो तिथंच राहिला. सासरहून निघालेल्या लेकी, बाळंतपणाला धावणाऱ्या सुइणी, कुणी नसलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना त्यानं पलीकडे पोचवलं. कुठून आलीस, का चाललीस, हे कधी विचारलं नाही. वर्षातून एकदा, करवंदं पिकली की, राजाराणी खाली उतरायचे आणि तिघं एका पानावर करवंदं खायची. तो कधी गेला ते कुणी पाहिलं नाही. असं म्हणतात, पुढे कितीतरी वर्षं एकट्या बाईला खिंडीत पुढे कुणीतरी चालत असल्याची चाहूल लागायची.

शिरसवाडीत आजही ही चाल आहे. तिला राउताची सोबत म्हणतात. बाई कुठलीही असो, कुठल्याही जातीची, तिनं पारावर येऊन एवढंच म्हणायचं, मला खिंडीतून जायचं आहे. जो पुरुष जवळ असेल तो हातातलं काम ठेवून उठतो, सात पावलं पुढे चालतो आणि काही विचारत नाही. आता डांबरी रस्ता झाला, दिवसाला चार एसट्या जातात, तरी चाल मोडलेली नाही.

मागच्याच वर्षी एका नर्सबाईंची गाडी पाराजवळ बंद पडली. खिंडीपलीकडे कुणीतरी अडलेली बाळंतीण होती. मला खिंडीतून जायचं आहे, असं बाई म्हणाल्या तेव्हा पारावर दोघेच होते, न्हावी आणि त्याच्यासमोर बसलेलं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक तोंडाला अर्धा साबण तसाच ठेवून उठलं आणि चालू लागलं. पलीकडच्या पहिल्या घराशी बाई म्हणाल्या, "पोचले." तो मागे फिरला. न्हावी वस्तरा पुसून वाट बघत बसला होता.