तथास्तु म्हणणारे मुंगूस

एका रानात, जिथे उन्हाळ्यात भरदुपारीसुद्धा कुणी मोठ्याने बोलत नसे, एक म्हातारी साळू, म्हणजे काटेरी साळिंदर, राहत असे. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक काळा कातळ होता आणि त्याच्याखाली तिचे बीळ होते. बिळाला तोंड एकच.

त्या रानात कोळसुंदे होते. कोळसुंदे म्हणजे तांबूस रंगाचे रानकुत्रे. वाघ येतो तो एकटा येतो. हे मात्र दिवसाढवळ्या आणि टोळीने येत. ते भुंकत नसत, एकमेकांना शीळ घालत. शीळ ऐकू आली, की ते जवळ आले असे समजावे. आणि शीळ थांबली, की ते आणखी जवळ आले असे समजावे.

दुपार झाली की एक ससा, एक घूस, एक खवले मांजर आणि एक मुंगूस साळूच्या बिळात येऊन दडत. पण मुलांनो, दडून बसणे सोपे नसते. शीळ कानावर पडली की पाय आपोआप पळायला बघतात आणि जो घाबरून बाहेर पळाला, तो संपलाच. मागच्या उन्हाळ्यात समोरच्या करवंदीच्या जाळीतून एक भेकर असेच पळाले होते. त्याचे ओरडणे या सगळ्यांनी बिळात बसून ऐकले होते, आणि ते लवकर थांबले नव्हते.

म्हणून साळूने सोंगांचा खेळ काढला. ती कुजबुजत्या आवाजात गोष्ट सांगे : काजळ्या डोंगराखाली एक राक्षस आहे, आणि चार वीर त्याला शोधायला निघाले आहेत. ते चार वीर म्हणजे हे चौघे. ससा दुरून चाहूल घेणारा, घूस सुरुंग खणणारी, खवले मांजर ढालकरी आणि मुंगूस तलवारबाज. "तुझी पाळी. काय करतोस?" असे साळू विचारी. ज्याची पाळी असेल त्याने आपला बेत सांगायचा आणि चिंचोके टाकायचे. चिंचोके एका बाजूने घासून पांढरे केलेले होते. पांढरी बाजू वर आली तर बेत साधला, काळी आली तर फसला.

खेळाच्या नादात भीती विसरायला होई, पण एवढेच नव्हते. चाहूल घेण्याचे सोंग करता करता ससा खरेच बाहेर कान देई. ढालकरी म्हणून खवले मांजर बिळाच्या तोंडाशीच अंगाचे वेटोळे करून बसे. आणि घूस, पाळीची वाट बघताना, मागच्या भिंतीची माती उकरत राही. ओढ्याच्या दरडीपर्यंत एक मागची वाट काढायची असे तिच्या मनात होते.

खेळात एकच नियम वाकडा होता. दर वेळी राक्षसावर शेवटचा घाव ज्याचा, तो एक पायरी वर चढे आणि त्याला एक नवी विद्या मिळे. घाव अर्थातच तलवारबाजाचा. मुंगूस चढत गेले आणि बाकीचे खालीच राहिले.

"साळूमावशी, राक्षस कुठं लपलाय ते मी ऐकून सांगितलं," एकदा ससा म्हणाला. "खवल्यानं त्याचा सोटा अंगावर झेलला. मग पायरी एकट्या मुंगसालाच का?"

"शेवटचा घाव त्याचा, बाबा. नियमच आहे."

"कान टवकारून राक्षस मरत असते," मुंगूस म्हणाले, "तर रानात ससेच राजे झाले असते!"

घूस खुदकन हसली. खवले मांजरही हसले. हसायला नको होते त्यांनी. कारण पुढच्या पायरीवर मुंगसाने विद्या मागितली ती दूरचे ऐकण्याची. मग ससा कशाला हवा? त्याच्या पुढच्या पायरीवर त्याने वज्राचे अंग मागितले. खवले मांजर ढाल घेऊन नुसतेच बसून राहिले. आणखी एक पायरी चढून त्याने एका लाथेत डोंगर फोडण्याची विद्या घेतली, तेव्हा घुशीने भिंत उकरणेच सोडून दिले.

"घुशी, तुझी पाळी. काय करतेस?"

"मी काय करणार? मुंगूसराव आहेत की," ती म्हणे आणि जांभई देई. खवले मांजर तोंडाशी बसायचे सोडून आत गारव्याला सरकले. सशाने कान पाठीवर टाकले. खेळ आता चौघांचा राहिलाच नव्हता. एक जण खेळत होता आणि तिघे त्याचा पराक्रम ऐकत होते.

शेवटी मुंगूस सर्वांत वरच्या पायरीवर पोहोचले. "आता मला तथास्तु-विद्या हवी," ते म्हणाले. "मी काहीही बोलायचं आणि वर 'तथास्तु' म्हणायचं. तसं होणार. चिंचोके टाकायचे नाहीत."

"मग खेळात उरलं काय रे?" साळूने विचारले.

"मी उरलो की! नियमाने ती विद्या माझीच आहे. देत नसशील तर बघ हं..." मुंगसाचा आवाज चढू लागला.

साळू भ्याली. भांडण म्हणजे आवाज, आणि आवाज म्हणजे कोळसुंदे. तिने घाईघाईने मान हलवली.

सशाला राहवले नाही. "झालं तर मग! आम्ही नसलो तरी चालेल की तुला."

मुंगूस मिशा फेंदारून हसले आणि म्हणाले, "तथास्तु!"

घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, असे तुमच्याही घरात कुणीतरी सांगत असेल. बिळातही ते ठाऊक असावे. कारण या वेळी कुणी हसले नाही. साळूच्या पाठीवरचे काटे आपोआप उभे राहिले.

तेवढ्यात लांब कुठेतरी शीळ वाजली.

सशाने ती ऐकली. पण सवयीने त्याने मुंगसाकडे पाहिले. ऐकण्याचे काम आता त्याचे नव्हते. शीळ पुन्हा वाजली. खवले मांजराला वाटले, तोंडाशी जाऊन बसावे. त्यानेही मुंगसाकडे पाहिले. मग शीळ थांबली.

बिळातला उजेड एकदम कमी झाला. तोंडाशी एक काळे, ओले नाक आले होते. ते हुंगत होते. त्याच्यामागे आणखी पायांची खसखस ऐकू येत होती. गरम श्वासाचा वास आत पसरला आणि कुणालाही हलता येईना. बाकीच्या चौघांचे डोळे मुंगसावर खिळले होते, जणू त्याची पाळी होती आणि ते काय म्हणते याची सगळे वाट बघत होते.

"कोळसुंदे गेले," मुंगूस पुटपुटले. "तथास्तु."

नाक गेले. क्षणभरच. त्या जागी एक पंजा आला आणि भराभर माती उकरू लागला.

"तथास्तु! तथास्तु!" मुंगूस रडवेले झाले. सशाचे मागचे पाय ताणले गेले. आता तो पळणार, सरळ त्या पंजाच्या दिशेने पळणार, हे साळूला दिसले. तेव्हा ती बोलली. अगदी हळू, गोष्ट सांगताना बोलायची तशी.

"राक्षस दारात आला आहे. ससोबा, तुझी पाळी. काय ऐकू येतं?"

सशाने तिच्याकडे पाहिले. कान हळूहळू उभे राहिले. "सगळे... सगळे पुढे आहेत, मावशी. मागं दरडीकडे कुणी नाही."

"खवल्या, तुझी पाळी."

खवले मांजर धडपडत तोंडाकडे गेले आणि वाटेतच वेटोळे करून रुतून बसले. पंजा खवल्यांवर करकरला. पलीकडून गुरगुर आली.

"घुशी, तुझी पाळी."

"वाट अर्धीच राहिली आहे, मावशी! मी खणलंच नाही किती दिवस!"

"आता खण."

"आणि मी?" मुंगसाने विचारले. ते इतक्या लहान आवाजात यापूर्वी कधी बोलले नव्हते.

"ती उकरेल ती माती मागे ओढ. पटपट."

घूस खणत होती, मुंगूस माती ओढत होते. कोळसुंदे खवले मांजराच्या शेपटीला ओढत होते आणि ते हूं की चूं करत नव्हते. ससा कान भिंतीला लावून सांगत होता, "अजून पुढेच आहेत... अजून पुढेच." शेवटी घुशीच्या नाकाला उन्हाचा चटका बसला. दरड फुटली होती. पण भोक एवढेसेच होते, घूस जेमतेम मावेल इतके. अंग चोरून ससा गेला, मुंगूस गेले.

साळूने त्या भोकाकडे पाहिले. मग स्वतःच्या काट्यांकडे पाहिले.

"खवल्या, आता तू जा," ती म्हणाली. "खवले मिटून तू मावशील. तोंडाशी मी बसते."

"मावशी, तुम्ही?"

"माझी पाळी आहे." तिने वळून पाठ तोंडाकडे केली आणि सगळे काटे फुलवले.

ओढ्याच्या लव्हाळ्यात चौघे एकमेकांना चिकटून बसले होते. वरून कोळसुंद्यांचे केकाटणे ऐकू आले. मग भांडणे. मग काही नाही. ऊन उतरल्यावर सशाने खात्री केली, आणि ते कातळापाशी गेले. बिळाचे तोंड खूप मोठे झाले होते. मातीत मोडलेले काटे पडले होते. साळू नव्हती.

त्यांनी दुसरे बीळ शोधले. त्या मातीत सापडलेले चिंचोके त्यांच्याजवळ होते. आता गोष्ट ससा सांगतो. राक्षस मेला की चौघेही एकेक पायरी चढतात, आणि दुसऱ्याची विद्या कुणीही मागत नाही. घूस आता रोज भिंत उकरते. साळूच्या मापाची वाट ती खणते, असे कुणी बोलून दाखवत नाही. आणि मुंगूस आपली पाळी आली, की तलवार उपसण्याआधी थांबते आणि हळूच विचारते, "ससोबा, आधी सांग. काय ऐकू येतंय?"

तात्पर्य : सगळ्यांची विद्या एकाच्या हाती दिली, तर संकटात तो एकटा पुरत नाही आणि बाकीचे आपली विद्या विसरलेले असतात. असा नियम बदलायला हवा, आणि तो कोळसुंदे दारात येण्याआधी बदलायला हवा.