शेवटच्या पानावरचं गोड

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की ज्या दोन डोंगरांमध्ये ती घडली, त्यांना अजून नावंही पडली नव्हती. डोंगरांच्या अलीकडे एक राज्य होतं, पलीकडे एक राज्य होतं आणि मधे एक अरुंद खिंड होती. खिंडीत शेंदूर लावलेली देवी होती. तिच्या पायाशी एक काळी शिळा होती. ती दोन्ही राज्यांची शीव.

अलीकडच्या राजाची मुलगी पलीकडच्या राजपुत्राला दिली होती. लग्न थाटात लागलं, पण पंगतीत चूक झाली. वऱ्हाड अंदाजापेक्षा मोठं निघालं, श्रीखंड कमी पडलं आणि शेवटच्या पानापर्यंत ते पोचलंच नाही. त्या पानावर नवरदेवाचे सख्खे चुलते बसले होते. सगळ्यांची नीट सोय लावून ते बिचारे शेवटी टेकले होते. रिकाम्या पानाकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि ते न जेवता उठले. त्यांच्यामागोमाग सगळं वऱ्हाड उठलं.

तुम्ही म्हणाल, वाटीभर श्रीखंडावरून कुणी एवढं रुसतं का? रुसतं. मानपानावरून तुटलेली घरं तुम्हीही पाहिली असतील. इथे तर राज्यं होती. खिंड बंद झाली, पहारे बसले, कधीमधी बाणही सुटले. सासरी गेलेली लेक पुन्हा माहेरी येऊ शकली नाही. तिची आई वारली, तेव्हासुद्धा नाही.

तिच्या लग्नात तिचा धाकटा भाऊ जेमतेम चालू लागला होता. तो मोठा झाला, शिकायला दूरदेशी गेला, समुद्र ओलांडून नाना दरबार पाहून आला. वडील गेल्यावर तो गादीवर बसला. ताईचा चेहरा त्याला आठवत नव्हता. तिच्या बांगड्यांचा आवाज तेवढा आठवत होता. पलीकडे आता ताईचा नवराच राजा होता. त्याला यानं निरोप धाडला, "दाजी, झालं गेलं विसरू. तह करू. माझी ताई मला भेटू द्या."

उत्तर आलं, "आनंदानं. पण मेहुणे, खिंडीची रीत ठाऊक आहे ना?"

रीत अशी होती. दोन्हीकडच्या लोकांनी शिळेच्या अल्याडपल्याड एकाच पंगतीत बसायचं. देवीला गोडाचा नैवेद्य दाखवायचा. मग दोन्ही राजांनी ते गोड तोंडात घालायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "तोंड गोड झालं." देवीसमोर हे खोटं बोलायचं नाही. दिवस मावळायच्या आत ते म्हटलं गेलं, तर तह पक्का. नाही म्हटलं गेलं, तर ते दोन राजे हयात असेपर्यंत पुन्हा तहाचा शब्द काढायचा नाही.

तरुण राजानं विचार केला. गोडावरून तुटलं ना, मग गोडानंच सांधायचं. आणि ते गोड असं हवं, की जुना अपमान कुणाला आठवूच नये.

तो स्वतः मुदपाकखान्यात गेला. तिथली मुख्य आचारीण म्हातारी होती, सगळे तिला आत्याबाई म्हणत. राजा चुलीजवळच्या पाटावर बसला आणि सांगू लागला. सांगताना त्याचे डोळे चमकत होते.

"आत्याबाई, जगात काय काय गोडधोड आहे, तुम्हाला कल्पना नाही! एका वाळवंटातल्या शहरात सुलतान भर उन्हाळ्यात बर्फ खातो. शंभर कोसांवरच्या शिखरावरून धावपटू तो गवतात गुंडाळून आणतात, वाटेत निम्म्याहून अधिक वितळतो. उरलेल्यावर गुलाबाचा अर्क शिंपडतात. एका बेटावर एक वेल आहे. तिचं फूल एकच सकाळ उमलतं. त्या सकाळी बाया काडीनं एकेका फुलातला पराग हळूच जुळवतात, तेव्हा कुठे शेंग धरते. ती शेंग महिनोन्महिने घाम काढत वाळवायची, आणि मग तिचा वास! दार उघडलं तर गल्ली थांबते."

"अगं बाई," आत्याबाई म्हणाल्या.

"आणि पूर्वेला एका दरबारात पाखराच्या लाळेच्या घरट्याचं गोड करतात. माणसं वेलींच्या शिड्यांवरून अंधाऱ्या गुहेत चढतात, छताला चिकटलेली घरटी खरवडून आणतात."

"लाळेचं?" आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "आणि खातात?"

"डोळे मिटून खातात! एका नगरात तर पेल्याच्या तळाशी हिरा ठेवतात. गोड संपवलंत की हिरा तुमचा."

"गिळला तर हो महाराज?"

सगळा मुदपाकखाना हसला. राजाही हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "हसा, पण विचारही करा. एका घासासाठी कुणी शिखर चढतं, कुणी गुहेत शिरतं, कुणी पहाटे फुलाची वाट पाहत बसतं. माणसाचे हात काय काय करू शकतात! मला तसंच पक्वान्न हवंय. रोजच्या कोठारातलं साधं काही त्यात नको. जगात जे दुर्मीळ, तेवढंच हवं."

आणि खरंच, मित्रांनो, तसं पक्वान्न पुन्हा झालं नाही.

उत्तरेहून केशर आलं. एका फुलात तीनच तंतू असतात, आणि इथे तर पोतडीच भरून आली. हिमशिखरांवरून भुशात पुरलेला बर्फ आला. बेटावरची काळी शेंग आली, तेव्हा पेटी उघडताच दारावरचे पहारेकरी वळून पाहू लागले. समुद्रातून मोती आले, त्यांचं भस्म झालं. बदाम इतके बारीक वाटले गेले, की बोटांत धरल्यावर नुसता स्पर्श उरावा. वर्ख ठोकणाऱ्यानं सोन्याचं पान एवढं तलम केलं, की बोलताना कुणाचा श्वास लागला तरी ते उडून जाई. म्हणून वर्ख लावेपर्यंत अख्खा मुदपाकखाना मुका झाला होता.

या सगळ्यातून आत्याबाईंनी दोन डोंगर उभे केले. एक अलीकडचा, एक पलीकडचा. मधे खिंड, आणि खिंडीतून जाणारी सोन्याची पायवाट. माथ्यावर हिरवे पिस्ते, पायथ्याशी बर्फाचा वेढा. त्यातून निघणारी वाफ धुक्यासारखी डोंगरांवर रेंगाळत होती. पाहणाऱ्याला वाटे, आपणच मोठे झालो आहोत आणि आभाळातून आपल्याच मुलखाकडे पाहतो आहोत.

नैवेद्याचं अन्न आधी चाखायचं नसतं. तेव्हा चाखलं कुणीच नाही.

ठरलेल्या दिवशी खिंडीत पंगत बसली. या उतारापासून त्या उतारापर्यंत हिरव्या पानांची एकच ओळ. शिळेच्या पलीकडे ताई उभी होती. केसांत रुपेरी बट आली होती. तह होईपर्यंत पंगतीत वाढणाऱ्याखेरीज कुणी शीव ओलांडायची नव्हती. राजानं नुसतं पाहिलं. तिनं हात वर केला, बांगड्या वाजल्या आणि त्यानं मान खाली घातली.

चुलते आता काठी टेकत आले होते. त्यांना राजांशेजारी बसवायला चौघे धावले.

"नको," ते म्हणाले. "माझी जागा शेवटच्या पानावर. तिथेच बसतो."

ताटावरचं वस्त्र निघालं. सोन्यावर ऊन पडलं आणि त्याची तिरीप पंगतीतल्या चेहऱ्यांवरून फिरत गेली. भालाईत भाले विसरले. कडेवरची पोरं रडायची थांबली. पलीकडचा राजा पाटावरून अर्धा उठला.

"मेहुणे," तो हळूच म्हणाला, "हे खायचं, की याला नमस्कार करायचा?"

"खायचं, दाजी. आपण दोघांनी."

"आणि बाकीच्यांनी?"

"बाकीच्यांना वरणभात आहे. हे एवढंच होऊ शकलं."

नैवेद्य दाखवला. दोघा राजांनी एकेक घास घेतला.

घास तोंडात फिरू लागला. जिभेवर आधी थंडावा आला, मग सुगंध, मग कडसर केशर, मग मोत्याची माती. तरुण राजा वाट पाहत राहिला. पुढे काहीच आलं नाही.

त्यानं दाजींकडे पाहिलं. दाजी त्याच्याकडे पाहत होते.

पक्वान्नात गोडच नव्हतं.

साखर, गूळ, मध, काहीही नव्हतं. कोठारातलं साधं काही नको म्हणून कोठार उघडलंच नव्हतं. राजाला दुर्मीळ गोष्टींची आठवण होती, गोडव्याची आठवण कुणाला करून द्यावी लागते का? आत्याबाई धावत आल्या, भांड्याची कड बोटानं पुसून चाखली आणि कपाळाला हात लावून खाली बसल्या. "आयुष्यभर न बघता साखरेची मूठ पडत आली, महाराज. या वेळी माझ्याही डोळ्यांत सोनंच भरलं होतं."

"मेहुणे, माझी फार इच्छा आहे म्हणायची," दाजी म्हणाले. "पण देवीसमोर खोटं कसं बोलू?"

सूर्य डोंगराच्या खांद्यावर आला होता. तिकडून, शेवटच्या पानावरून, चुलत्यांचा आवाज आला. "काय रे, झालं का गोड? की या वेळीही आम्हाला बघायलाच बोलावलंय?"

पलीकडच्या पंगतीत कुजबुज सुरू झाली. दोघेतिघे पानावरून उठलेही. राजानं शिळेकडे पाहिलं. ताई अजून तिथेच उभी होती, हातभर अंतरावर, आणि दिवस मावळला की ते अंतर जन्मभराचं होणार होतं.

"भाऊ, इकडे ये," ताई म्हणाली.

तो शिळेपाशी गेला. तिनं कमरेची छोटी डबी उघडली. कुंकवानं लालसर झालेला खडीसाखरेचा एक खडा आत होता.

"आईनं पाठवणीच्या वेळी ओटीत घातला होता," ती म्हणाली. "पहिल्या माहेरपणाला परत आण, मी भरवीन, म्हणाली होती. आता आई नाही. हा त्यात घाल."

"ताई, एवढ्या डोंगराला एवढासा खडा?"

"तू घाल तर. बाकीचं बाकीचे बघतील. आणि ऐक, ते मोड आधी. बघून झालं ना सगळ्यांचं?"

राजा परत आला. त्यानं स्वतःच्या हातानं ते दोन सोन्याचे डोंगर मोडले. पाहणाऱ्यांच्या तोंडून हाय निघाली. पंगतीच्या स्वयंपाकाची मोठी कढई शिळेलगतच चुलीवर होती, तिच्यात दूध उकळत होतं. केशर, बदाम, सोनं, सगळं त्यात गेलं. वर तो खडा पडला.

पलीकडच्या बाजूच्या एका पाणक्याची बायको उठली. घाट चढून येणारा प्रत्येक जण शिदोरीत गुळाचा तुकडा ठेवतोच. तिनं पदराची गाठ सोडली आणि आपला तुकडा कढईत टाकला. मग अलीकडचा एक भालाईत उठला. मग गाठीच गाठी सुटू लागल्या. कुणाचा गूळ काळा, कुणाचा पिवळा, कुणाच्या तुकड्याला दातांची खूण. आत्याबाई दोन्ही हातांनी ढवळत होत्या आणि ओरडत होत्या, "चिंध्या काढा रे! मुंग्या झटका! हं, आता टाका!"

वर्ख मिसळून दिसेनासा झाला. खीर तांबूस झाली. पण वास! गुळाच्या धगीत केशर जागं झालं, बेटावरची शेंग जागी झाली, आणि खिंडभर असा दरवळ पसरला, की अल्याडपल्याडची माणसं न बोलता एकमेकांकडे पाहून हसू लागली.

राजानं देवीला खिरीचा नैवेद्य दाखवला, पळी हातात घेतली आणि दाजींसमोरून, सरदारांसमोरून, सगळी पंगत ओलांडून तो थेट शेवटच्या पानापाशी गेला. गुडघे टेकून त्यानं चुलत्यांच्या पानावर पहिली पळी वाढली.

"आबा, उशीर झाला," तो म्हणाला. "माफ करा."

म्हाताऱ्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"तोंड गोड झालं रे पोरा," चुलते म्हणाले. मग खोकून पुढे म्हणाले, "आणखी वाढ की. हात आखडू नकोस, तुझ्या बापासारखा."

हशा उसळला. शेवटच्या पानापासून वाढत वाढत राजा वर आला. एका शिखरावरचा बर्फ, एका बेटावरचं फूल, शेकडो हातांचे कष्ट, आणि अनोळखी माणसांच्या शिदोरीतला गूळ, सगळं प्रत्येक पानावर होतं. चमचाभरच आलं, पण आलं. शेवटी दोन्ही राजांनी घास घेतला, आणि सूर्याची कड अजून दिसत असताना दोघे एकदमच म्हणाले, "तोंड गोड झालं!"

ताईनं शिळा ओलांडली. भावानं कढईच्या तळाशी राहिलेलं खरवडून तिला भरवलं.

त्यानंतर खिंड पुन्हा कधी बंद झाली नाही. त्या दोन्ही राज्यांत पुढे कितीही मोठी पंगत बसो, गोड वाढायला सुरुवात शेवटच्या पानापासूनच होऊ लागली. सोन्याचे डोंगर ज्यांनी पाहिले होते, ते नातवंडांना त्यांचं वर्णन करत. पण चवीचं विचारलं, की खिरीबद्दलच बोलत.

तात्पर्य: पक्वान्न कितीही मोलाचं असो, ते शेवटच्या पानापर्यंत पोचतं तेव्हाच गोड होतं.